डब्यातले लेखक आणि फळ्यावरची कथा

आदरणीय उकंडराव तायडे सरांची आणि माझी पहिली भेट वाशीमहून रिसोडकडे जाणाऱ्या एसटीत झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच मी गोंधळात पडलो. सरांच्या सहवासातला माझा गोंधळ त्या दिवशी सुरू झाला, तो आजतागायत पुरता गेलेला नाही. सत्तरच्या दशकातली ती मधली वर्षं. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. मी कारंज्याच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा, रिठदच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. माझ्या शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले एक सडपातळ गृहस्थ मांडीवर पत्र्याचे तीन गोल, चपटे डबे घेऊन बसले होते. डबे भाकरीचे म्हणावेत तर फारच रुंद, आणि औषधाचे म्हणावेत तर फारच चपटे. मी आपला तिरक्या नजरेनं पाहत होतो.

समोरच्या बाकावरची एक बाई मात्र सरळ घाबरली होती. त्या दिवसांत नसबंदीच्या शिबिरांची फार धास्ती होती. शिबिराच्या आधी गावात फिल्म दाखवत आणि ती फिल्म अशाच डब्यांतून येई. म्हणून डबे दिसले की माणसं शेताची वाट धरत.

"मास्तर, ऑपरेशनवाले येऊन राह्यले काय?" तिनं विचारलं.

"नाही माय, यात लेखक आहेत."

"डब्यात?"

"हो. तीन आहेत."

बाई उठून मागच्या बाकावर जाऊन बसली. मलाही क्षणभर जागा बदलावी असं वाटलं, पण गाडी भरलेली होती. मग सरांनीच समजावून सांगितलं. अकोल्याला एका कचेरीत शाळांसाठी फिल्म्स आणि प्रोजेक्टर मिळत. देवीची लस, संकरित ज्वारी, विहिरीत टाकायची पावडर अशा विषयांच्या ढिगात सरांना तीन रिळं सापडली होती, जी तोवर कोणीच नेली नव्हती. त्यांत तीन कथा-कादंबरीकार आपापल्या घरी बसून आपण पुस्तकं कशी लिहितो ते सांगत होते.

मी विचारलं, "गोष्ट सांगतात का?"

"नाही. गोष्ट कशी सुचली, ते सांगतात."

हे मला अजिबात कळलं नाही. गणित सोडवून दाखवणारा माणूस मी समजू शकतो. गणित कसं सुचलं हे खुर्चीत बसून सांगणाऱ्याची फिल्म कोण काढेल आणि कोण पाहील? मी तसं बोलूनही दाखवलं. सर रिठदच्याच शाळेत शिकवत होते. ते हसले आणि म्हणाले, "रविवारी या." माझं रिठदमधलं पहिलं आमंत्रण ते होतं.

सरांच्या नावाबद्दल नव्या वाचकांना कुतूहल असेल, म्हणून सांगतो. सरांच्या आधीची भावंडं जगली नाहीत. पोर वाचावं म्हणून आपल्याकडे त्याला मुद्दाम असं नाव ठेवायची चाल होती. उकिरड्यावरचं म्हटलं की त्याच्यावर कोणाची नजर जात नाही. नोकरीत लागल्यावर अनेकांनी त्यांना नाव बदलायचा सल्ला दिला. एका निरीक्षकांनी तर अर्जाचा मसुदाही करून दिला. सरांनी तो घडी घालून परत केला आणि म्हणाले, "साहेब, नाव माझ्या आईनं ठेवलंय. तिला विचारून सांगतो." त्यांनी विचारलं की नाही ठाऊक नाही, पण सर आजही उकंडरावच आहेत.

या आई म्हणजे पुंजाआई. त्यांच्याविषयी सांगितल्याशिवाय सरांविषयी काही सांगता येणार नाही. नवरा लवकर गेला. निंदणी-वेचणीच्या मजुरीवर त्यांनी एकुलत्या मुलाला शिकवलं. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि जुन्यातलं जे सोडलं ते कायमचं सोडलं: उपास, नवस, पोथी, कथा, सगळं. रोज संध्याकाळी त्या वंदना म्हणत. पालीचा शब्द न् शब्द त्यांना कळत होता असं नाही, पण पाच शीलांचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता आणि त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, त्यांच्या घरात कायद्यासारखं चाले. बाजारात भाजीवालीनं "ताजी आहे" म्हटलं की पुंजाआई तिला विचारत, "कवाची तोडली ते सांग."

आता अडचण अशी होती की सरांनी एक कादंबरी लिहून ठेवली होती. निंदणाऱ्या बायांची. पुंजाआईंना ती लिहिल्याचं कळलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, "हे झालं होतं काय?" सर म्हणाले, "झालं नाही, पण होऊ शकते." त्यावर त्या म्हणाल्या, "झालं नाही ते झालं म्हणून लेहतं, मंग खोटंच नाही का ते? तुले चौथं शील म्या कायले शिकवलं?" सरांनी ती वही पेटीत ठेवली. अकोल्याचे एक प्रकाशक ती छापायला तयार होते, पण आईची हरकत असेपर्यंत ती छापायची नाही, असं सरांनी ठरवलं होतं. मला हा हट्ट समजेना. मी म्हटलं, "छापून टाका, त्यांना वाचता कुठे येतं?" सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तर ही रिळं सरांनी मुख्यतः आईसाठी आणली होती. तिसऱ्या रिळात एक लेखिका होत्या. त्या सुपात तांदूळ निवडता निवडता बोलतात: माझ्या गोष्टीतली पार्वती कुठल्याच गावात राहत नाही, पण तिला भूक लागते तेव्हा ती खरीच लागते, ते मी खोटं लिहू शकत नाही. सरांचं म्हणणं असं की आपण सांगून आईला पटत नाही, तर जे हेच काम करतात त्यांच्या तोंडून तिनं ऐकावं. बाई बाईचं ऐकेल, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या रविवारी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही भर दुपारी अंधार केला. भिंतीवर चादर ताणली. प्रोजेक्टर घरघरू लागला आणि पाहायला आलो आम्ही दोघं, शाळेचे शिपाई आणि एक कुत्रं. सगळं गाव ऑपरेशनच्या भीतीनं शेतात गेलं होतं. पुंजाआई तर भल्या सकाळीच गेल्या होत्या.

आता मी जे सांगणार आहे ते आजवर चारचौघांत कधी सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारसाठी लोकांची भीती घालवायला हवी होती. सर म्हणाले, चौकातल्या फळ्यावर स्पष्ट लिहायचं की ही ऑपरेशनची फिल्म नाही, कथालेखकांची आहे. शनिवारी सरांना वर्ग होता. मी म्हटलं, मी लिहितो. मी फळ्यावर मोठ्या झोकात लिहिलं: "ऑपरेशन नाही. उद्या दुपारी शाळेत कथा." आणि 'कथा'च्या पुढे जागा संपली. 'लेखकांची फिल्म' खाली लिहावं, तर खाली ग्रामपंचायतीची सूचना होती. ती पुसायची कशी? मी विचार केला, कथा म्हणजे कथा, लोक समजून घेतील. खाली "सर्वांनी यावे" एवढं कोपऱ्यात बसवलं आणि हात झटकून घरी गेलो.

लोकांनी समजून घेतलं, पण ते त्यांच्या रीतीनं.

रविवारी हॉल गच्च भरला. पाटीलवाड्याकडची, माळीपुऱ्यातली माणसं आंघोळ करून, स्वच्छ धोतरं नेसून आली होती. बायांच्या हातात नारळ, फुलं, हळदकुंकवाची ताटं. एकीनं प्रसादासाठी रवा-साखर आणली होती. दाराबाहेर चपलांची रास पडली. मला वाटलं, साहित्याला एवढा मान देणारं गाव महाराष्ट्रात दुसरं नसेल. सर मात्र दारात उभे राहून कोणाची तरी वाट पाहत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता, कारण बौद्धपुऱ्यातलं एकही माणूस आलेलं नव्हतं.

पहिलं रीळ सुरू झालं. झोपाळ्यावर बसलेले एक स्थूल कादंबरीकार पडद्यावर आले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यांनी त्यांना हात जोडले. कोणीतरी अक्षता टाकल्या, त्या चादरीवर आपटून खाली पडल्या. लेखक सांगत होते की लिहिण्यापूर्वी मी अंगणात अकरा फेऱ्या मारतो. बायांनी आपसांत विचारलं, प्रदक्षिणा कायच्या, तुळशीच्या काय? दहाएक मिनिटं गेली आणि मागून आवाज आला, "गुर्जी, पोथी कवा सुरू होते? अन् महाराज कोठी हायेत?"

तेव्हा मला कळलं. गावात कथा म्हटली की पूजेची कथा. दुसरी कोणती कथा त्यांना ठाऊकच नव्हती, आणि ठाऊक असावी असा आग्रह धरणारे आपण कोण?

मग जो गलका उठला तो काही विचारू नका. "आमाले फसवलं", "देवाच्या नावानं बोलावलं अन् हा डबा दाखवून राह्यले!" मुख्याध्यापक धावत आले. रीळ थांबलं, घोंगड्या निघाल्या, सगळ्यांचे डोळे उन्हानं दिपले. आणि नेमक्या त्याच वेळी पुंजाआई बौद्धपुऱ्यातल्या चार बायांना घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. फळ्यावर काय लिहिलंय ते त्यांना कोणीतरी वाचून दाखवलं होतं.

"उकंडा," त्या म्हणाल्या, "तू शाळेत कथा ठेवली?"

मुख्याध्यापकांनीही जाब विचारला, जरा वेगळ्या सुरात: "फळा कोणी लिहिला? ज्यानं लिहिला त्याची नोकरी मी ठेवणार नाही."

माझी नोकरी कच्ची होती, महिन्याभराचीही नव्हती. मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"फळा मी लिहिला, सर," ते मुख्याध्यापकांना म्हणाले.

पुंजाआई पुढे आल्या. "तू लेहला?"

"व्हय माय. म्याच लेहला."

त्या मुलाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग मागे वळल्या आणि चार बायांसह निघून गेल्या. तांदूळ निवडणाऱ्या लेखिकेचं रीळ डब्यातच राहिलं. सरांची नोकरी पक्की असल्यानं ती गेली नाही, पण फिल्म्स बंद झाल्या आणि सोमवारी डबे अकोल्याला परत गेले. त्या आठवड्यात सर गावात घरोघर फिरले. इकडे नारळवाल्यांची माफी मागितली, तिकडे बौद्धपुऱ्यात जाऊन सांगितलं की ती पूजेची कथा नव्हती. मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. मला हे लिहिताना आजही लाज वाटते.

पुंजाआई घरात त्यांच्याशी कामापुरतं बोलत. कादंबरीचं आता काही खरं नव्हतं. आधी नुसतं खोटं होतं, आता त्यात कथेचीही भर पडली होती. सर मला एवढंच म्हणाले, "वही आता पेटीतच बरी." खरं सांगणं मी रोज उद्यावर ढकलत होतो. उलट सरच मला धीर देत. त्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला तेव्हा ते रोज शाळा सुटली की माझ्या खोलीवर येत, पेजेचं भांडं ठेवत आणि एका कादंबरीतली चार पानं वाचून दाखवत. ऐन मोक्याच्या जागी पुस्तक मिटत आणि म्हणत, "पुढचं उद्या. ताप उतरला तर." गणिताखेरीज काही न वाचलेला मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू लागलो. मी त्यांचा अपराधी आणि सेवा मात्र तेच माझी करत होते, हे कसलं समीकरण ते मला सुटेना.

वर्गातही त्यांनी त्या लेखकांचा नाद सोडला नाही. फिल्म्स नाहीत तर नाहीत. मुलानं गोष्ट लिहायची आणि मग सरांच्या खुर्चीत बसून, ती कशी सुचली ते सांगायचं, असा तास त्यांनी सुरू केला. एकदा मी बाहेरून ऐकत होतो. सरांनी विचारलं, "गोष्टीतला बैल शेवटी काहून मारला?" पोरगं म्हणालं, "सर, त्याले मारल्याबिगर गोष्ट सरतच नव्हती." वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की ही अडचण सगळ्याच लेखकांना येते. त्या वर्गातल्या दोघी-तिघी आज लिहित्या आहेत आणि सरांच्या याच गौरवग्रंथात त्यांचे लेख आहेत.

आणि एके दिवशी, पोळा होऊन गेल्यावर, सर शाळेत आले ते हरखलेले आणि तितकेच गोंधळलेले. आदल्या संध्याकाळी वंदना झाल्यावर पुंजाआई आपणहून म्हणाल्या होत्या, "आण तुयं ते पुस्तक. वाच." कारण काही सांगितलं नाही. सरांनी खूप विचार करून निष्कर्ष काढला की त्या दिवशी दारात येताना झोपाळ्यावरच्या लेखकाचं एखादं वाक्य त्यांच्या कानावर पडलं असावं आणि तेच मनात रुजलं असावं. मीही मान डोलावली.

दर रविवारी वाचन चाले. पुंजाआई कापूस निवडत ऐकत आणि मध्येच अडवत. "निंदतानी कोणी उभं राहून बोलत नाही. वाकूनच बोलते. नाही तं मजुरीत खाडा पडते." सर लगेच तो प्रसंग नव्यानं लिहीत. "लेहाचंच हाय तं नीट लेह," असं त्या म्हणत. अख्खी वही संपल्यावर त्या म्हणाल्या, "यातलं काहीच झालं नाही. पण यात खोटं काही नाही. छाप." ती कादंबरी निघाली, तिची कीर्ती मी सांगायला नको. पुढे आणखी चार निघाल्या. प्रत्येक हस्तलिखित आधी आईंनी ऐकलं, त्या होत्या तोवर.

त्या फार वर्षं राहिल्या नाहीत. दशक सरताना त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी सर औषध आणायला रिसोडला गेले होते आणि मी उशाशी बसलो होतो. त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, तो फळा तुमी लेहला होता ना?"

मी मान खाली घातली.

"मले वाचता येत नाही, पण माया पोराचं अक्षर मले समजते. माया चुलीपाशीच बसून लेहे ना तो. आधी अक्षरं काढते अन् मंग वरून रेघ वढते, तेबी वाकडी. त्या फळ्यावरची रेघ पट्टीनं आखल्यावानी सरळ होती. म्या शाळेत यायच्या आधी चौकातच पाह्यली."

म्हणजे पुंजाआई दारात उभ्या राहून "तू लेहला?" असं विचारत होत्या, तेव्हा उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं!

"तो खोटं बोलला. मायासमोर, सगळ्यायसमोर. लई राग आला मले. मंग महिना दीड महिना म्या इचार केला का यानं खोटं बोलून कोणाचं वाईट केलं? कोणाचंच नाही. एका पोराची नोकरी राखली. मंग म्हटलं, याचं पुस्तकबी असंच असंन. ऐकून तं पाहू." मग त्या म्हणाल्या, "त्याले सांगू नका. खोटं पकडलं म्हटलं का शरमते पोरगं. त्याले वाटू द्या का मायले त्या डब्यातल्या लोकायनं समजावलं."

मी शब्द दिला. तो आजवर पाळला.

आता वाशीमची तरुण मंडळी सरांना मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि पुस्तकांविषयी बोलतं करतात. नातीच्या फोनवर मी ते सगळे व्हिडिओ पाहतो. लेखक स्वतःच्या लेखनाविषयी काय बोलतो हे मी ऐकेन, असं त्या एसटीत कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याविरुद्ध पैज लावली असती. प्रत्येक व्हिडिओत सर सांगतात की माझ्या आईला झोपाळ्यावरच्या लेखकाच्या फिल्मनं कादंबरीचा अर्थ पटवला. आणि प्रत्येक व्हिडिओत कुठेतरी ते हेही म्हणतात, "मी आईला आयुष्यात एकदा फसवलं. ती ते खरं मानूनच गेली. कशाबद्दल, ते विचारू नका." पन्नास वर्षं होत आली, त्यांनी माझं नाव घेतलेलं नाही.

मी फार गोंधळलो आहे. दिलेला शब्द मोडावा की एका भल्या माणसाला उगाच झुरू द्यावं? पुंजाआईंना विचारायची सोय नाही. हा लेख मी तीनदा फाडला. मोडलेल्या शब्दाचं पाप असेल तर ते माझ्या माथी. ते मला पेलवेल, कारण याहून मोठं मी आधीच उचलून बसलो आहे.

म्हणून, सर, या ग्रंथात सगळ्यांसमक्ष आपल्याला सांगतो. आपण आईंशी खोटं बोललात, पण आपण आईंना फसवलेलं नाही. त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि आपली कादंबरी ऐकायला त्या बसल्या, त्या डब्यातल्या लेखकांमुळे नव्हे. त्यांना आपलं ते एक खोटं आवडलं होतं.

आपल्याला उदंड आयुष्य लाभो, डोळे आणि हात शाबूत राहोत आणि पुढची वही लवकर पुरी होवो. आता निश्चिंत मनानं लिहा, सर. फळा मी लिहिला होता.